पेवाचा कौल

"तू खाली गेलास तर वर येऊन ओलंच म्हणणार," मामंजी म्हणाले.

"आन् अंकुश गेला तर त्यो कोरडंच म्हणणार," आमचे हे म्हणाले. "मग जायाचं कुणी? पेवानंच वर येऊन सांगायचं का?"

अंगणाच्या मधोमध बाप आणि दोन लेक उकिडवे बसले होते. त्यांच्या मध्ये धान्याच्या पेवाच्या तोंडावरची फरशी. सकाळपासून पहारीनं माती उकरून तिच्या चारी कडा मोकळ्या केल्या होत्या. मी सोप्याच्या उंबऱ्यात उभी होते. हाताला भाकरीचं पीठ.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत. पण आता एवढी वर्षं झाली, आणि गोष्ट सांगताना 'हे' आणि 'त्ये' करत बसले तर कुणाला काही कळायचं नाही. म्हणून नाव घेते. माझ्या नवऱ्याचं नाव लहू आणि दिराचं अंकुश. आमच्या मंगळवेढ्याच्या बाजूला जुळे झाले की हीच नावं ठेवतात, कुणी डोकं चालवत नाही. दिसायला दोघं एकसारखे, पण मतं म्हणाल तर एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. त्या दिवशीचं भांडणही तसलंच होतं. ज्वारी ठेवायची की विकायची?

त्या साली शाळू असा आला होता की विचारू नका. कणसं बघायला शेजारच्या गावची माणसं बांधावर येऊन उभी राहायची. मळणी झाली, उफणणी झाली, आणि अंगणात माणसाच्या उंचीएवढी रास लागली. लहूचं म्हणणं, आत्ताच द्या. पुढच्या महिन्यात सगळ्यांची ज्वारी बाजारात उतरली की कुत्रं विचारणार नाही. मामंजींचं म्हणणं, पेव भरा. अंकुशभावजी बापाच्या बाजूनं. माझं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

"बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडाया गेलं," मामंजी म्हणाले. "आपल्या घरातलं एक माणूस गेलं न्हाई. कशानं? ह्याच पेवानं!" आणि त्यांनी फरशीवर थाप मारली. "लक्ष्मी हाय ही. तिच्या तोंडात घास न घालता सगळं बाजाराच्या घशात घालतोस?"

"आबा, त्येला आता किती वर्सं झाली," लहू म्हणाला. "तवापासनं उघडलं तरी हाय का कुणी? आत पाणी शिरलं असंल, उंदीर शिरलं असत्याल. आख्खी ज्वारी कुजवायची व्हय?"

"पाणी शिरत न्हाई."

"कशावरनं?"

"म्या सांगतोय म्हणून!"

बाहेर फाटकाशी व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता. लहूनंच तो बोलावला होता, बापाला न विचारता. तो स्वतःही टेम्पोबरोबर तालुक्याला जाणार होता, म्हणून पँट घातलेली, वर लग्नातला कातडी पट्टा लावलेला. तीन हमाल लिंबाखाली चहा पीत बसले होते. ड्रायव्हर मात्र नुसता घाईला आला होता. दर थोड्या वेळानं हॉर्न वाजवायचा, आणि प्रत्येक वेळी मामंजींच्या कपाळावरची शीर उडायची.

शेवटी ठरलं ते असं. पेव आतून कोरडं असलं तर ज्वारी पेवात जाणार. ओल लागलेली असली तर टेम्पोत. लहूनं उतरायचं, बुडाची मूठभर माती रुमालात बांधून वर आणायची, आणि ती माती सगळ्यांनी हातात घेऊन बघायची. म्हणजे कुणाच्या शब्दावर काही नको. हे ठरल्यावर दोघंही खूश. आपलंच खरं होणार अशी प्रत्येकाची खात्री होती.

एक मीच होते जिला काही धड वाटत नव्हतं. माझं माहेर नदीकाठचं, उसाचं. आमच्याकडं पेव कुणी बघितलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी अंगणात बोट दाखवून सांगितलं होतं, हितं पेव हाय, हितनं चालत जाऊ नको. जमिनीत खणलेलं कोठार ते. तोंड एवढंसं, खांदे आखडून माणूस उतरेल इतकंच, आणि खाली रांजणासारखं फुगत गेलेलं पोट. दोन पुरुष खोल. तेव्हापासून मी पाण्याची घागर घेऊन आले तरी त्या जागेला वळसा घालून यायचे. अंकुशभावजी त्यावरून चिडवायचे. "वैनी, पेव पाय वडत न्हाई बरं का!" मी हसायचे. पण वळसा काही सोडला नाही.

आणि नेमक्या त्या दिवशी सासूबाई घरात नव्हत्या. उजाडताच राहिलेली कणसं वेचायला रानात गेल्या होत्या. त्या असत्या तर हे काही झालंच नसतं. पण असत्या तर, नसत्या तर, ह्याला काय अर्थ आहे!

फरशी सरकली. आतून ऊब आली. आंबील फार दिवस राहिली की तिला येतो तसा आंबूस वास आला. एक हमाल चहाची बशी खाली ठेवून उठून बघायला आला आणि नाकाला फडकं लावून परत गेला.

"दादा असता तर आज नुसतं उघडं ठिवलं असतं," मामंजी म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. पेवाचं सगळं तेच बघायचे. "उद्या उतरला असता."

बाहेर हॉर्न वाजला.

"उद्या टेम्पो हाय का?" लहू म्हणाला.

मामंजी घुटमळले. मग म्हणाले, "बरं. पण आदी दिवा सोडा. दिवा सोडल्याबिगर उतरायचं न्हाई. दादा दर येळंला सोडायचा. खाली दिवा जळत ऱ्हायला म्हंजी पेव राजी हाय. इझला तर राजी न्हाई, मग त्या दिशी कुणी उतरायचं न्हाई."

कंदील गोठ्यात होता. अंकुशभावजी जाऊन घेऊन आले. काच फुटलेली, टाकीत रॉकेलचा थेंब नाही, वात उंदरांनी खाल्लेली. वीज आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

"बॅटरी घ्या की," भावजी म्हणाले. "उजेड बी जास्त पडतोय."

मामंजींनी क्षणभर विचार केला. "दिवा म्हंजी दिवा. घ्या."

नवीन सेल घातलेली बॅटरी सुतळीला बांधली, बटण दाबलं आणि हळूहळू आत सोडली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. मीसुद्धा पुढं झाले. उजेडाचा गोल भिंतीवरून सरकत खाली खाली गेला आणि बुडाला टेकला. तिथं काळपट काहीतरी पसरलेलं दिसलं. बॅटरी जळत होती. आम्ही बराच वेळ बघत राहिलो, ती जळतच होती.

"राजी हाय," मामंजींनी हात जोडले. "लक्ष्मी राजी हाय!"

मी पेवाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं. खरं सांगते, मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. उगाच भीत होते, असं स्वतःला म्हटलं.

लहूनं चपला काढल्या. दोराचं एक टोक लिंबाला बांधलं होतं, दुसरं आत सोडलं. पेवाच्या गळ्याशी पाय ठेवायला खोबण्या होत्या.

"कमरंला बांधा की दोर," मी म्हटलं. सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती, पण तोंडून गेलंच.

"म्या काय बादली हाय व्हय?" लहू म्हणाला. सगळे हसले. मग खांदे आखडून तो आत गेला, आधी छातीपर्यंत, मग नुसतं डोकं, मग दोरावरचे हात, आणि मग काहीच नाही.

"उतरलो!" खालून आवाज आला. घागरीत तोंड घालून बोलावं तसा घुमत होता. "लई उकडतंय हितं."

"ओल हाय का कोरडं?" मामंजी ओरडले.

"थांबा की. बुडाला ज्वारी हाय जुनी. कुजून काळी झाल्या."

"ती ऱ्हाऊ दे! ती लक्ष्मीची हाय. पेव कंदी रिकामं करायचं नसतंय. तिच्या खालची माती काड."

खालून हसू आलं. लहू हसत होता. उगाच, वेडावाकडा हसत होता. असा तो कधी हसायचा नाही.

"काय झालं रं हसाया?" अंकुशभावजी म्हणाले.

"काय न्हाई," लहू म्हणाला. शब्द जड आले. "पाय... जरा बसतो."

"बसतोस? जेवाय बसलायस व्हय तितं?" मामंजी म्हणाले. "माती काड आन् वर ये."

उत्तर नाही.

मामंजींच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मला ते हसू अजून दिसतं. ते अंकुशभावजींकडं बघून म्हणाले, "कोरडं हाय. कळलं का? कोरडं हाय, म्हणून बोलंना झालाय. कबूल कसं करायचं, ह्या इचारात बसलाय!"

"लहू!" भावजी वाकून ओरडले. "हरलास तर हरलास म्हण की! वर ये, कुणी हसणार न्हाई तुला!"

हमालही हसायला लागले. बाहेर हॉर्न वाजला. मी पुढं होऊन वाकून बघितलं. बॅटरी खाली आडवी पडलेली, पण जळत होती. तिच्या उजेडात लहूचा एक पाय दिसत होता. तळवा माझ्याकडं. हलत नव्हता.

"मामंजी," मी म्हटलं, "ते हलंना झालेत."

"नाटकी हाय त्यो. लहानपणापास्नं."

तेवढ्यात फाटकातून सासूबाई आल्या. डोक्यावर कणसांची पाटी. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. एवढीशी बाई, वाळलेल्या शेंगेसारखी. त्यांनी अंगणात उघडं तोंड बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"कोण गेलंय आत?"

"लहू," मामंजी म्हणाले. "काय भ्याचं न्हाई. दिवा सोडला हुता. राजी हाय."

"कंदील कुठाय?"

"कंदील मोडलाय," अंकुशभावजी म्हणाले. "बॅटरी सोडली. जळती की अजून, बघ."

पाटी त्यांच्या डोक्यावरून पडली. कणसं पेवाच्या तोंडापर्यंत घरंगळत गेली.

"आरं, कंदिलाला हवा लागती!" त्या किंचाळल्या. "बॅटरीला लागती व्हय रं! हवाच न्हाई तितं! लहू! लहू रं!"

कळायला मला एक क्षण लागला. अंकुशभावजींना तेवढाही लागला नाही. त्यांनी दोर धरला आणि एक पाय तोंडात घातला. आत्याबाईंनी मागून झेप घेऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"सोड आये!"

"न्हाई सोडायची!"

"त्यो मरतोय खाली!"

"न्हाई सोडायची! तू गेलास की तू बी तितंच पडणार! एक गेला तर एक तरी ऱ्हाऊ दे मला!"

हे मी ऐकलं. 'एक गेला तर' असं ती बाई म्हणाली, आणि तो एक म्हणजे माझा नवरा होता. माझं डोकंच फिरलं. मी धावले. "सोडा त्यांना! भावजी, जावा! जावा की! काढा त्यांना!" मी ओरडत होते आणि आत्याबाईंची बोटं एकेक करून उचकटत होते. ती लोखंडासारखी बसलेली. एक बोट सुटलं की दुसरं घट्ट व्हायचं. मी खाली वाकून त्यांच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली. तरी त्या बाईनं हात सोडला नाही, आणि माझ्यावर हातही उगारला नाही. मामंजी खाली बसले होते, डोक्याला हात लावून, आणि "राजी हाय, राजी हाय," असं पुटपुटत होते.

"पंखा आणा!" आत्याबाई ओरडल्या. "उफणणीचा पंखा! हवा घाला आत!"

उफणणीचा पंखा राशीजवळच उभा होता, हातानं फिरवायचा, लोखंडी. हमालांनी तो ओढत आणला. दोघांनी तो तोंडावर उपडा धरला आणि तिसरा दांडा फिरवायला लागला. पंख्याचा घरघर आवाज झाला. आतून कोंडा आणि धूळ उडून आमच्या तोंडावर आली. मी पालथी पडून आत बघत होते. बॅटरीच्या उजेडात पाय तसाच. डोळ्यांत धूळ गेली तरी मी पापणी मिटत नव्हते. पापणी मिटली तर तो पाय जाईल, असं काहीतरी वाटत होतं.

"आकडा द्या तुमचा!" अंकुशभावजी हमालाला म्हणाले. आईच्या मिठीतूनच म्हणाले. पोती ओढायचा लोखंडी आकडा हमालाच्या कमरेला होता. भावजींनी तो दोराला घट्ट बांधला. "आये, म्या उतरत न्हाई. आयची आन घेतो. वरनंच काढतो. आता तर सोड!"

आत्याबाईंनी हात ढिले केले, पण त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत ठेवलंच.

भावजी माझ्या शेजारी पालथे पडले. पंखा थोडा कडेला घेतला. आकडा खाली गेला, झोके घेत. पँटीला लागून सटकला. पुन्हा सोडला. दगडाला खण्‌ आवाज झाला. पुन्हा सोडला. भावजींचा श्वास माझ्या कानाशी होता. ते रडत होते आणि दोर मात्र एकदम सावकाश हलवत होते. "डावीकडं," मी म्हणत होते. "आणखी जरा. पट्टा दिसतोय मला. पट्ट्याखाली घाला."

आकडा अडकला. पट्ट्यात अडकला की मांसात, ते वरून कळत नव्हतं.

"वडा!"

तीन हमाल, भावजी, ड्रायव्हर, सगळ्यांनी दोर धरला. मीही धरला. लहू कमरेत दुमडलेला वर येत होता, हात-पाय लोंबत. तोंडाशी येऊन अडकला. खांदा अडकला. पट्टा करकरला. मी म्हटलं, आता तुटणार. देवा, तुटू देऊ नको, दुसरं काही मागत नाही. मी आत हात घालून केस धरले, भावजींनी हात धरला, आणि तो बाहेर आला.

त्याला राशीवर टाकला. चेहरा निळाकाळा, ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे. पाठीत आकड्यानं मोठी जखम झाली होती, तिच्यातून रक्त गळत होतं. अंकुशभावजी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होते. आपल्याच चेहऱ्याचं मेलेलं माणूस समोर पडलेलं, आणि ते दाबत होते. मला वाटलं, गेला. मी विधवा झाले. हे मी मनात म्हटलंसुद्धा, अगदी याच शब्दांत.

मग त्याच्या घशातून घर्र असा आवाज आला. उलटी झाली. आणखी एकदा आवाज आला.

"जित्ता हाय!" म्हातारा हमाल ओरडला. "टेम्पोत घाला, टेम्पोत!"

ज्या टेम्पोचा हॉर्न सकाळपासून डोक्यात जात होता, त्याच टेम्पोत लहूला घातलं. आधीच्या गावची पोती होती, त्यांच्यावर आडवा केला. मी आणि आत्याबाई दोन्ही बाजूंनी धरून बसलो. ड्रायव्हरनं खड्डे बघितले नाहीत. वाटेत दोनदा लहूचा श्वास थांबल्यासारखा झाला. दोन्ही वेळा आत्याबाईंनी त्याच्या गालावर फाडकन मारली आणि तो पुन्हा चालू झाला. मी एका हातानं जखमेवर पदर दाबून धरला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लावली, पाठीला टाके घातले. डॉक्टर म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले, पण कुणाला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तर नुसता बघत राहिला. मग ती भीती सुरू झाली, जगला पण असाच राहिला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो मला म्हणाला, "पाणी." आणि मग म्हणाला, "टेम्पो गेला का?" मी तोंडात पदर कोंबून बाहेर व्हरांड्यात आले आणि पोटभर रडले.

थोड्या वेळानं मामंजी आले. एस.टी.नं आले होते, भाकरीचं गाठोडं घेऊन. आत जाऊन लेकाच्या पायाशी उभे राहिले. मग बाहेर येऊन व्हरांड्याच्या कडेला उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून.

"ज्वारी दिली," ते म्हणाले.

"सगळी?" आत्याबाईंनी विचारलं.

"खायापुरती ठिवली. बाकी सगळी."

"आन् पेव?"

"बुजवाया लावलंय. अंकुश माती टाकतोय."

"त्येला कडंला हुबा राहून टाकू नको म्हणावं," आत्याबाई म्हणाल्या. "लांबनं टाक म्हणावं. आत्ताच्या आत्ता जावा आन् सांगा."

मामंजी काहीतरी बोलणार होते. पण बायकोच्या तोंडाकडं बघून ते गुमान चालायला लागले. गाठोडंसुद्धा द्यायचं विसरले, फाटकातून परत येऊन देऊन गेले.

आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. आत्याबाईंच्या मनगटाला नर्सनं पट्टी बांधली होती. माझे दात तिच्याखाली होते. मला त्या पट्टीकडं बघवत नव्हतं, आणि दुसरीकडंही बघता येत नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "काल भावजींना तुम्ही सोडलं असतं तर..."

"दोन मढी काडली असती."

"तुम्हांला कसं कळलं? मामंजींना कळलं नाही, एवढा जन्म पेवाच्या घरात गेला."

समोर एक बाई पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. आत्याबाई तिच्याकडं बघत बोलायला लागल्या.

"माज्या माहेरी बी पेव हुतं. माजा चुलता उतरला आन् वर यीना. त्येला काडाया माजा बा उतरला. त्यो बी यीना. मग थोरला भाऊ. मिसरूड फुटत हुतं त्येला."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"ह्या घरात कंदी सांगितलं न्हाई. हितं पेवाला लक्ष्मी म्हणत्यात. जिच्या घरातली तीन माणसं लक्ष्मीनं गिळली, त्या घरची पोरगी कुणी केली असती? पटकीच्या साथीत गेली म्हणून सांगितलं लगनात. तेच चालत आलं." त्यांनी पट्टी नीट केली. "आन् माजी आई वर तोंडाशी हुबी हुती. म्या तिचा पदर धरलेला. ती वरडत हुती, 'जावा रं, काढा रं त्यांस्नी!' तिनं वरडायचं आन् त्यांनी जायाचं. काल तू वरडत हुतीस ना, अगदी तशीच."

मी त्यांचा हात धरला. पट्टीवरून धरला. त्यांनी काढून घेतला नाही.

"तिला कुणी चावाया बी मिळालं न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणीच कुणाला धरलं न्हाई त्या दिशी."

आत खाटेवर लहू खोकला. आम्ही दोघी एकदम उठलो आणि दारात एकमेकींना धडकलो.